वणवा विझवणाऱ्यांचे मन: हंगाम संपल्यावरच ते का ढासळते?

रानवाट

माझा भाचा अमेरिकेच्या पश्चिम भागात, केंद्र सरकारच्या वनसेवेतील एका 'हॉटशॉट' तुकडीत काम करतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुमारे वीस जणांची ही तुकडी रस्ता जेथे संपतो त्याच्याही पुढे पायी चालत जाते आणि वणव्याच्या वाटेतील झाडोरा तोडून, गवत आणि मुळे खणून काढून उघड्या मातीची जाळरेषा तयार करते. पाण्याचा बंब तेथे बहुतेक वेळा पोचतच नाही. यांत्रिक करवत, कुदळ, फावडे आणि एका बाजूला कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूला कुदळीचे पाते असलेले 'पुलास्की' नावाचे हत्यार, एवढ्यावरच काम चालते.

गेली काही वर्षे मी एक गोष्ट पाहते आहे आणि ती मला उलगडत नाही. ज्या महिन्यांत त्याच्या जिवाला खरा धोका असतो, त्या महिन्यांत तो ठीक असतो. फोन क्वचित येतो, पण आवाजात उत्साह असतो. हंगाम संपून घरी आला की आधी तो नुसता झोपतो आणि त्यानंतर हळूहळू बिघडत जातो. रात्री जागा, दिवसा पडदे ओढलेले, कोणी काही विचारले तर एका शब्दात उत्तर. बाहेर वारा सुटला की बोलता बोलता थांबून तो झाडांच्या शेंड्यांकडे पाहत राहतो. वाऱ्याची दिशा आपोआप मनात नोंदवली जाते, असे त्यानेच एकदा सांगितले. ऐन जानेवारीतही त्याची सामानाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली असते. पिण्याचे प्रमाणही वाढले आहे.

माझ्या बहिणीचे म्हणणे असे की त्याने ही नोकरी सोडावी, म्हणजे सगळे प्रश्न मिटतील. मला ते पटत नाही, परंतु का पटत नाही हे नीट मांडता येत नाही. आगीशी गाठ असताना जो माणूस सावरलेला असतो, तो सुरक्षित घरात आल्यावर का ढासळतो? घरच्यांनी नेमके काय करावे आणि काय टाळावे? या किंवा अशा प्रकारच्या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

टवाळ

घरी आल्यावर एका शब्दात उत्तर देणे हे आजाराचे लक्षण मानायचे ठरले, तर येथील निम्मे विवाहित सदस्य उद्याच उपचारांच्या रांगेत उभे राहतील.

विनोद बाजूला ठेवतो. पिण्याचा उल्लेख तुम्ही सर्वांत शेवटी आणि एकाच वाक्यात उरकला आहे. माझ्या मते तो पहिल्या ओळीत यायला हवा होता.

तळटीप

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून कामाचे स्वरूप थोडे अधिक स्पष्ट करतो. तेथील नियमांनुसार एका वणव्यावरची कामगिरी साधारणपणे १४ दिवसांची असते, तिच्यात प्रवासाचे दिवस धरलेले नसतात आणि गरज पडल्यास ती २१ दिवसांपर्यंत वाढवली जाते. रोजची पाळी १६ तासांपर्यंत जाते. दोन तास काम केल्यास एक तास विश्रांती मिळावी, हे प्रमाण नियमात आहे. पण ती विश्रांती धुराने भरलेल्या दरीत, जमिनीवर पसरलेल्या झोपण्याच्या पिशवीत घ्यायची असते. मोजक्या सुट्टीनंतर पुढची कामगिरी सुरू होते आणि असे पाच-सहा महिने चालते.

अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक अहवाल दिला. केंद्रीय सेवेत वणवा विझवणारे का टिकत नाहीत, याची सात कारणे त्यात नोंदवलेली आहेत. कमी पगार हे त्यांतील ठळक कारण. घर आणि काम यांचा न बसणारा मेळ आणि मानसिक आरोग्याच्या अडचणी ही दोन कारणेही त्यात स्वतंत्रपणे दिली आहेत. म्हणजे तुमच्या भाच्याची स्थिती ही एका घराची गोष्ट राहिलेली नाही. ती सरकारदरबारी नोंदली गेली आहे.

काळीमाती

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. ही नोकरी कोणी जबरदस्तीने देत नाही. खाणकामगार, सैनिक, खोल समुद्रात जाणारे मच्छीमार हे सर्वजण धोक्याचे काम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. प्रत्येक अवघड कामाला मानसिक आजाराची चिठ्ठी लावली तर ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे तो गर्दीत हरवतो. दमलेला माणूस महिनाभर गप्प बसतो, यात आजार कोठे आला? त्याला जरा एकटे सोडावे, एवढेच माझे मत.

निवृत्त_बंबवाला

काळीमाती, तुमचे म्हणणे मी माझ्या वरिष्ठांकडून उभ्या नोकरीत ऐकले आहे आणि सुरुवातीला ते मलाही पटत असे. मी शहरी अग्निशमन दलात होतो, त्यामुळे वणव्याविषयी अधिकाराने बोलणार नाही. दोन्ही कामांमधला एक फरक मात्र सांगतो.

आम्ही मृत्यू अधिक वेळा आणि अधिक जवळून पाहिला. जिन्यात अडकलेली माणसे, गॅसच्या स्फोटानंतरचे स्वयंपाकघर, यांविषयी येथे लिहीत नाही. पण पाळी संपली की मी घरी जात असे. मुलाच्या शाळेचा निकाल, गळणारा नळ, शेजाऱ्यांचे भांडण, या क्षुल्लक गोष्टी मला रोज जमिनीवर आणत. दुसऱ्या दिवशी ठाण्यावर तीच माणसे भेटत आणि कालच्या घटनेबद्दल चहाच्या कपाबरोबर दोन शब्द बोलले जात. घर आणि ठाणे या दोन्ही ठिकाणी माझे पाय रोज लागत होते.

वणव्यावरच्या माणसाला सहा महिने घर नसते आणि पुढचे सहा महिने तुकडी नसते. जे दिसले ते ज्यांच्याबरोबर पाहिले, ती माणसे हंगाम संपताच देशभर पांगतात. घरात जी माणसे आहेत त्यांना सांगायचे तर पहिल्यापासून सगळे समजावून सांगावे लागते, म्हणून माणूस सांगतच नाही. त्याला एकटे सोडावे असे तुम्ही म्हणता. तो तर आधीच एकटा आहे.

तळटीप

निवृत्त_बंबवाला यांच्या निरीक्षणाला आधार देणारा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वणवा विझवणारे आणि शहरी अग्निशामक यांची तुलना केली असता पहिल्या गटात आत्महत्येचा धोका अधिक आढळला आणि त्या फरकाचा संबंध 'आपण कोणाचेच नाही' या भावनेशी दिसून आला. इतरांवर आपण भार झालो आहोत, या भावनेशी तसा संबंध दिसला नाही. वणव्यावर काम करणाऱ्यांची त्या अभ्यासातील संख्या लहान होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये. दिशा मात्र तीच आहे.

खारवा

मी व्यापारी जहाजांवर काम करतो. आग नाही, पण करार संपवून घरी येणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. जहाजावर प्रत्येक तासाला माझी कोणाला तरी गरज असते. घरी आलो की पहिले चार दिवस पाहुण्यासारखी सरबराई होते आणि पाचव्या दिवशी लक्षात येते की माझ्यावाचून सगळे व्यवस्थित चालले होते. बायकोने बँकेची कामे लावून घेतलेली असतात, मुले तिलाच विचारतात. त्यात तिची काहीही चूक नसते, उलट ते कौतुकास्पदच असते. तरीही आपण कोणाच्या कामाचे नाही, ही भावना फार खोल जाते.

रानवाट, दाराशी भरलेली पिशवी मला कळली. माझीही असते.

मनोगती

मी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आहे आणि आपत्कालीन सेवांतील काही लोकांबरोबर काम केले आहे. तुमच्या भाच्याला न पाहता निदान करणार नाही, पण 'आगीत ठीक आणि घरी बिघडतो' हे कोडे सुटण्यासारखे आहे.

वणव्यावर असताना सतत सावध राहणे हे आजाराचे लक्षण नसते, ते कौशल्य असते. वारा फिरला का, वरची फांदी जळून पोकळ झाली आहे का, सुटकेची वाट मोकळी आहे का, याकडे ज्याचे लक्ष असते तो जगतो. शरीर महिनोन्‌महिने त्या पातळीवर चालते, झोप तुटक होते, आणि दिवसभराचे काम इतके स्पष्ट असते की भीती, दुःख किंवा राग यांना वर यायला जागाच मिळत नाही. हंगाम संपतो तेव्हा धोका जातो, पण शरीराची सवय जात नाही. मागे ढकललेले सर्व काही तेव्हाच पुढे येते, कारण आता त्याला वेळ मिळालेला असतो. त्याच आठवड्यात माणूस आपली तुकडी, रोजचा घट्ट आखलेला दिवस आणि 'मी कोण आहे' या प्रश्नाचे तयार उत्तर, हे सर्व एकदम गमावतो. हंगामी नेमणूक असेल तर पगारही थांबतो. यांतील एकेक गोष्ट सहन होते, पण सगळे एकाच वेळी अंगावर आले तर चांगला खंबीर माणूसही डळमळतो.

दुसरी गोष्ट अशी की या लोकांचा प्रश्न केवळ आघातोत्तर तणावाचा, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर टिकून राहणाऱ्या विकाराचा, नसतो. नैराश्य, चिंता, झोपेचे विकार आणि मद्यपान हेही तितकेच दिसतात. मनाला लागलेली नैतिक जखम हा आणखी एक प्रकार आहे. एखादी वस्ती वाचवता येणे शक्य नाही म्हणून मागे फिरण्याचा आदेश मिळतो, आदेश बरोबरही असतो, तरी ते घर जळताना पाहिलेले असते. अशा वेळी भीतीवरचे उपचार पुरेसे पडत नाहीत, कारण मूळ भावना भीतीची नसून अपराधाची असते.

काळीमाती यांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. दुर्घटनेनंतर प्रत्येकाला बसवून, एकाच बैठकीत सर्व काही बोलायला लावण्याची पद्धत बरीच वर्षे वापरात होती. अशा एकदाच घेतलेल्या वैयक्तिक बैठकीने पुढचा आघातोत्तर विकार टळत नाही आणि काहींना त्रासही होऊ शकतो, असे उपलब्ध संशोधनाच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. त्यामुळे 'बोल, बोल, मन मोकळे कर' असा आग्रह घरच्यांनीही धरू नये. परंतु लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, झोप आणि संबंध बिघडले, दारू वाढली, तर आघातावर केंद्रित वर्तन-बोधात्मक उपचार (विचार व वागणूक यांवर काम करणारे) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) यांसारखे, परिणाम सिद्ध झालेले उपचार उपलब्ध आहेत. तेथे वाट पाहत बसण्यात शहाणपणा नाही.

काळीमाती

एकाच बैठकीत सर्वांना बोलायला लावण्याबद्दलचा मुद्दा वाचून बरे वाटले, कारण माझा राग नेमका त्याच प्रकारावर होता. बाकीच्या लिखाणावर विचार करतो आहे.

युकॅलिप्टस

मी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये राहतो आणि येथील ग्रामीण अग्निशमन सेवेत स्वयंसेवक आहे. येथे वणव्यांशी लढणाऱ्यांत बहुसंख्य लोक माझ्यासारखे बिनपगारी असतात. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार.

२०१९-२० च्या उन्हाळ्याविषयी आपण वाचले असेल. त्या वणव्यांत ३३ माणसे थेट मृत्युमुखी पडली, त्यांत नऊ जण आगीशी लढणारे होते, आणि तीन हजारांहून अधिक घरे जळली. आमच्याकडे अमेरिकेसारखी तुकडी पांगत नाही, कारण तुकडी म्हणजे गावच असते. पण त्यामुळे वेगळाच पेच निर्माण होतो. जे घर जळाले ते ओळखीच्या माणसाचे असते आणि तो माणूस पुढची कित्येक वर्षे दुकानात, सभेत, रस्त्यावर भेटत राहतो. आमच्या गाडीत पाणी संपत आले होते आणि आदेश पुढच्या वळणावरील घरे राखण्याचा होता, म्हणून आम्ही एका ओळखीच्या फाटकासमोरून न थांबता गेलो. फाटकावर त्या घरातील मुलांनी रंगवलेली टपालपेटी होती. घरात कोणी नव्हते, सर्वजण आधीच बाहेर पडले होते, आणि त्या गृहस्थांनी मला कधीही दोष दिला नाही. तरीही मी बराच काळ दुसऱ्या रस्त्याने जात असे. मनोगती यांनी जिला नैतिक जखम म्हटले आहे, ती हीच असावी.

आणखी एक सांगतो. लोकांनी आम्हाला वीर म्हटले, रस्त्याच्या कडेला फलक लावले. हेतू चांगला होता. पण वीराला 'मला झोप लागत नाही' असे म्हणणे फार जड जाते.

टवाळ

वीर या पदवीबरोबर निदान झोपेची गोळी तरी द्यायला हवी होती.

युकॅलिप्टस, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

धूरकट

माझे काम हवेच्या प्रदूषणावर आहे, म्हणून एक बाजू जोडतो. शहरी अग्निशामक पाठीवर हवेची टाकी घेऊन आत जातो. जाळरेषेवर सोळा तास खणणाऱ्या माणसाला ती टाकी वाहणे शक्य नसते आणि आजवर बहुतेकांच्या तोंडावर फार तर एक रुमाल असे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे डोके दुखते, विचार मंदावतात आणि निर्णय चुकू शकतात. सूक्ष्म कण फुप्फुसांत आणि रक्तात उतरतात. त्यांचा मनःस्थितीशी असलेला संबंध तपासला जात आहे, त्यावर ठाम विधान करणार नाही. परंतु खोकल्याने तुटणारी झोप, सतत जळजळणारे डोळे आणि 'पुढे मला कर्करोग होईल का' ही मागे लागलेली चिंता, एवढे तरी मानसिक आरोग्याच्या हिशेबात धरायलाच हवे. शरीर आणि मन यांचे दोन स्वतंत्र कप्पे या कामात करता येत नाहीत.

तळटीप

धाग्यात 'पुलास्की' हत्याराचा उल्लेख आला आहे, म्हणून त्या नावामागचा माणूस सांगण्याचा मोह आवरत नाही. विषयांतर वाटले तरी ते विषयाशी येऊन मिळते.

ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि माँटाना या भागांत प्रचंड वणवे भडकले आणि दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले. एड पुलास्की हे वनरक्षक वॉलेस या गावाजवळ आपल्या माणसांसह आगीत सापडले. त्यांनी सर्वांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले आणि घाबरून बाहेर धावू पाहणाऱ्यांना पिस्तूल दाखवून आत रोखले. पाच जण दगावले, पण बहुतेक सर्वजण वाचले. पुलास्की यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना कायमची इजा झाली आणि उपचारांसाठी त्यांना झगडावे लागले. ज्याचे नाव आज प्रत्येक तुकडीच्या हातात आहे, त्याच्या दुखापतीची जबाबदारी घ्यायला व्यवस्था तयार नव्हती, ही बाब मला बोलकी वाटते.

पुढे १९४९ मध्ये माँटानातील मान गल्च येथे १३, १९९४ मध्ये कोलोरॅडोतील स्टॉर्म किंग डोंगरावर १४ आणि ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट तुकडीतील १९ जण मृत्युमुखी पडले. त्या तुकडीतला टेहळणीसाठी वेगळ्या जागी असलेला एकच जण वाचला. आजही तुकड्या अशा स्थळांवर अभ्याससहली नेतात, उतारावर उभे राहून कोणता निर्णय केव्हा घेतला गेला याची चर्चा करतात. वारा, उतार, इंधन यांविषयी ते मृतांकडून शिकतात. वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने फार उशिरा विचारला जाऊ लागला.

उंबरठा

माझे यजमान अमेरिकेत एका वणवा-दलाच्या बंबावर काम करतात, त्यामुळे घरच्यांच्या बाजूने लिहू शकते. खारवा यांनी आपली बाजू लिहिली, मी उंबरठ्याच्या आतली लिहिते.

ते परत येतात तेव्हा मीही दमलेली असते. सहा महिने आजारी मूल, बिले, बिघडलेली गाडी, सर्व एकटीने पाहिलेले असते. मला वाटते, आता ते आले, आता मी थोडी बसेन. आणि त्यांना वाटते, आता घरी आलो, आता मी थोडा बसेन. आमची पहिली भांडणे याच एका खुर्चीवरून झाली, असे म्हटले तरी चालेल. पुढे आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. पहिला आठवडा कोणताही समारंभ नाही, नातेवाइकांकडे जाणे नाही. त्यानंतर घरातील एखादे काम पूर्णपणे त्यांचे; मदत म्हणून नव्हे, तर मी त्यात बोलायचेच नाही असे. गेल्या हिवाळ्यात मुलीला पोहायला नेणे त्यांच्याकडे होते. रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहते, याचा उपयोग कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक झाला.

मी 'तिथे काय झाले?' असे विचारत नाही. 'आज झोप कशी लागली?' असे विचारते. त्याचे खरे उत्तर मिळते.

रानवाट, तुमच्या बहिणीला एक सांगा. नोकरी सोडण्याचा विषय नोव्हेंबरात काढू नये. त्या वेळी माणसाजवळ तेवढीच एक ओळख उरलेली असते आणि आपण तीही काढून घेत आहोत असे त्याला वाटते.

काळीमाती

उंबरठा यांचा प्रतिसाद सर्वांत उपयुक्त वाटला. मला एक व्यावहारिक शंका आहे. सुट्टी न घेता सलग कामगिऱ्या स्वीकारण्यामागे पैशाचा भाग किती? कारण तसे असेल तर समुपदेशकापेक्षा पगारपत्रक आधी दुरुस्त करायला हवे.

तळटीप

या वेळी मी काळीमाती यांच्याशी पूर्ण सहमत आहे. केंद्रीय सेवेत मूळ वेतन इतके कमी होते की वर्षाचे गणित जादा तासांवर आणि धोक्याच्या भत्त्यावर बसवावे लागे. विश्रांती घेणे म्हणजे भाडे चुकणे, असा सरळ हिशेब होता. त्यातच त्यांचे अधिकृत पदनाम अनेक वर्षे 'वनतंत्रज्ञ' असे होते. आगीत जाणाऱ्या माणसाच्या कागदावर आगीचा उल्लेखच नव्हता.

नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तात्पुरती वाढ दिली: वर्षाला २०,००० डॉलर किंवा मूळ वेतनाच्या ५० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. वणवा विझवणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदश्रेणी आणि मानसिक आरोग्याचा कार्यक्रम उभारण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. वेतनातील सुधारणा कायम होण्यासाठी मात्र मार्च २०२५ उजाडावे लागले. मधल्या काळात दर काही महिन्यांनी 'या वेळी मुदतवाढ मिळेल की वाढीव पगार जाईल' या टांगत्या तलवारीखाली ही माणसे होती. त्या अनिश्चिततेचा मनावर परिणाम झाला नसेल असे कोण म्हणेल?

भरपाईतही तफावत आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२० पासून आपल्या अग्निशामकांचा आघातोत्तर विकार हा कामामुळेच झाला असे गृहीत धरण्याचा कायदा लागू केला. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये असे गृहीतक काही कर्करोगांना आणि हृदय व फुप्फुसांच्या विकारांना मिळाले, मनाच्या विकारांना मिळाले नाही. एकाच डोंगरावर, एकाच धुरात खणणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला स्वतःचे दुखणे सिद्ध करत बसावे लागते.

निवृत्त_बंबवाला

कायदे झाले तरी एक अडथळा उरतो. 'मी समुपदेशकाकडे जातो' हे कळले तर मला जाळरेषेवरून काढून कार्यालयात बसवतील, ही भीती. आमच्याकडेही ती होती. ती खरी असो वा नसो, माणूस तिच्यानुसारच वागतो. यावर मला दिसलेला उपाय एकच आहे: तुकडीतील ज्याच्या कामाबद्दल कोणाला शंका नाही, अशा जुन्या जाणत्याने सर्वांसमोर 'मी गेलो होतो, उपयोग झाला' असे सांगणे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाच्या तासाभराच्या व्याख्यानाने ते होत नाही. व्याख्यान चालू असताना मागच्या रांगेत काय चालते, हे मी मागच्या रांगेत बसूनच शिकलो आहे.

रानवाट

सर्वांचे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले आणि उंबरठा यांचा प्रतिसाद बहिणीलाही वाचून दाखवला. तिने नोकरीचा विषय वसंत ऋतूपर्यंत काढणार नाही असे कबूल केले आहे; कितपत पाळते ते पाहू.

भाच्याशी काल बोलले. 'झोप कशी लागते?' असे विचारल्यावर तो बराच वेळ बोलला. तीन वाजता जाग येते आणि धुराचा वास येतो, उठून घरभर फिरून येतो, वास कोठेच नसतो. उपचार घेण्यास त्याची ना नाही, परंतु एक खरी अडचण त्याने सांगितली. मागच्या वर्षी त्याने एका समुपदेशकाबरोबर दूरदृश्य पद्धतीने बोलणे सुरू केले होते. हंगाम सुरू झाल्यावर तो दुसऱ्या राज्यात गेला आणि त्या व्यक्तीचा परवाना तेथे चालत नाही म्हणून ते बंद पडले. यातून काही मार्ग आहे का? आणि एक प्रश्न विचारायला मला भीती वाटते: त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे मी विचारावे का? विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येणार नाही ना?

मनोगती

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, विचारावे, आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे; उलट बहुतेकांना कोणीतरी ऐकायला तयार आहे याने सुटल्यासारखे वाटते. 'तू असे काही करणार नाहीस ना?' असा प्रश्न मात्र विचारू नये, कारण त्यात अपेक्षित उत्तर आधीच दिलेले असते. उत्तर 'हो' आले तर घाबरून उपदेश करू नका. त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच वेळी मदत मिळवा. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो किंवा संदेश पाठवता येतो. घरच्यांनाही तेथे सल्ला मिळतो.

आता परवान्याविषयी. तेथे मानसोपचारांचे परवाने राज्यनिहाय असतात आणि साधारणपणे रुग्ण त्या क्षणी जेथे असतो त्या राज्याचा नियम लागू होतो. परंतु अनेक राज्यांनी मिळून मानसशास्त्रज्ञांसाठी 'सायपॅक्ट' नावाचा करार केला आहे. त्यात नोंद असलेल्या मानसशास्त्रज्ञाला इतर सदस्य राज्यांतील रुग्णांशी दूरदृश्य पद्धतीने काम करता येते. सर्व राज्ये त्यात नाहीत, आणि समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते यांच्यासाठी हा करार लागू नाही; ही दुसरी बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर त्याने दोन प्रश्न विचारावेत: तुमची या करारात नोंद आहे का, आणि मी ज्या राज्यांत कामाला जाऊ शकतो ती राज्ये त्यात येतात का. खात्याच्या कर्मचारी-साहाय्य योजनेतून काही मोफत भेटी मिळत असतील तर त्यांचा उपयोग योग्य व्यक्ती शोधण्यासाठी करावा.

त्याने आताच सुरुवात करावी. हिवाळ्याचे महिने सलग मिळाले तर आघातावर केंद्रित उपचारांचा बराच भाग हंगामापूर्वी पूर्ण होऊ शकतो आणि हंगामात फक्त अधूनमधून बोलणे उरते. पिण्याबद्दल पहिल्याच भेटीत सांगावे, ते लपवले तर झोपेवरचे कोणतेच उपचार नीट लागू पडत नाहीत.

उंबरठा

यात एक भर घालते. विम्याचे कागद आधी पाहा. नेमणूक हंगामी असेल तर काम थांबल्यानंतर विमा किती काळ चालू राहतो, हे त्याच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. आमचे उपचार मध्येच थांबले होते ते याच कारणाने, आणि परत सुरू करताना नवीन व्यक्तीपुढे सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. यजमानांना तेच सर्वांत जड गेले.

रानवाट

विम्याचे मला सुचलेच नव्हते. त्याच्या कार्यालयाला आजच पत्र लिहायला सांगते. मनोगती, त्या करारात कोणती राज्ये आहेत हे पाहण्याची अधिकृत जागा कोणती, तेवढे मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?

खारवा

आणि रानवाट, त्याला माझा एक निरोप द्या. तुकडीतील एखाद्याला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी फोन करायचा, काही सांगण्यासारखे नसले तरी करायचा. आमच्या जहाजावरचे आम्ही चौघे असे करतो. बहुतेक वेळा बोलणे इंजिनाबद्दल आणि पगाराबद्दलच होते, पण एकाने फोन उचलला नाही तर उरलेल्या तिघांना त्याच संध्याकाळी कळते.